चेहरा हातात देण्यास मनाई

कातरकाकांनी माणसाला समोरून बघणं सव्वीस वर्षांपूर्वी सोडून दिलं होतं. त्यात कुणाचा अपमान करायचा हेतू नव्हता, कामच तसं होतं. सार्वजनिक वाचनालयाच्या पायऱ्यांवर, डावीकडून तिसऱ्या खांबाला पाठ लावून ते बसत. समोरच्या स्टुलावर माणसाला बाजूने बसवायचं, काळ्या कागदाच्या खालच्या काठातून कात्री आत घालायची, गळा, हनुवटी, ओठ, नाक, कपाळ असं वर चढायचं आणि डोक्यावरून मागे मानेवर उतरून पुन्हा काठाशी यायचं. दीड मिनिटात माणसाचा बाजूचा चेहरा कागदातून सुटून हातात यायचा. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. रोज पन्नास जणांचं नाक कापायचं आणि एकाचीही नाचक्की होऊ द्यायची नाही, असं हे काम.

त्यामुळे कुणाचे दोन्ही डोळे एकदम दिसले, की काकांना तो माणूस अनोळखी वाटे. एकदा त्यांनी सख्ख्या साडूलाच रस्ता विचारला होता. साडूनेही रागारागात चुकीचा सांगितला.

पैशाचं त्यांचं धोरण साधं होतं. पायाशी बिस्किटांचा रिकामा डबा असायचा. "किती द्यायचे, काका?" असं कुणी विचारलं की काका म्हणत, "मी विचारलं का?" या उत्तराने लोक ओशाळत आणि ओशाळलेला माणूस हात जरा सैल सोडतो, हे काकांना ठाऊक होतं. पण खरा क्षण त्याच्या आधीचा. कागदातून सुटलेला चेहरा ते त्या माणसाच्या तळहातावर ठेवत आणि तो माणूस पहिल्यांदाच स्वतःला बाजूने बघे. "माझं नाक असं आहे?" असं दहातले नऊ जण विचारत. दहावा गप्प बसे आणि चेहरा खिशात घालण्याआधी रुमालात गुंडाळे. या एका क्षणासाठी काका ऊन, धूळ आणि वाचनालयाचा पहारेकरी हे तिन्ही सोसत आले होते.

त्या वर्षी पालिकेची नियमावली आली. 'सार्वजनिक जागी स्वखुशीच्या रकमेवर कला सादर करणाऱ्यांसाठी' अशी एकोणीस पानं आणि वर दुरुस्त्यांची दोन. पालिकेच्या सभागृहाखाली एका दुपारी कुणीतरी ढोल वाजवला आणि वर चाललेली बैठक जागी झाली, तिथून हे सुरू झालं असं सांगत. महिनाअखेरपर्यंत परवाना काढा, नाहीतर साधनं जप्त.

"साधनं म्हणजे तुमची कात्री," काकू म्हणाल्या. त्यांचं वाचनालयामागच्या गल्लीत शिवणकामाचं दुकान होतं. "माझ्या कात्रीला हात लावायचा नाही, आधीच सांगते. कापडाची कात्री कागदाला लागली की मेली."

"तुझी कात्री कोण मागतंय?"

"आज नाही मागत. तुमची जप्त झाली की मागाल. त्यापेक्षा सरळ दुकानात बसा. काजं-बटणं करायला मला माणूस हवाच आहे."

काकांच्या अंगावर काटा आला. काजं-बटणं हे काम वाईट नव्हे. पण काकूंच्या हाताखाली, काकूंच्या नजरेसमोर, दिवसभर! लग्नाला एकतीस वर्षं झाली ती दिवसभर वेगवेगळ्या ठिकाणी बसल्यामुळे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पालिका गाठली.

पायऱ्यांवरच्या कलावंतांपैकी परवाना आधीच मिळालेला एकच होता, तो म्हणजे पुतळा. हा अंगाला चंदेरी रंग फासून समोरच्या चौथऱ्यावर अकरा वर्षं निश्चल उभा होता. नव्या नियमाखालचा पहिला परवाना काहीच न करणाऱ्या माणसाला गेला, याचं खात्यात कुणाला नवल वाटलं नाही.

"सोपं आहे रे," पुतळा ओठ न हलवता म्हणाला. "त्यांनी विचारलं, काय करता? मी म्हटलं, उभा राहतो. त्यांनी विचारलं, आणि? मी म्हटलं, झालं. शिक्का."

काकांचं तितकं सोपं नव्हतं. परवाना खात्याची खिडकी म्हणजे एक दुधी काच. तिच्यात बोलण्यापुरतं गोल भोक आणि खाली कागद सरकवायला फट. आत एक बाई होत्या. रांगेत त्यांना खिडकीबाई म्हणत.

"काय करता?" भोकातून आवाज आला.

"चेहरे कापतो."

आत पेन थांबलं. "कागदाचे ना?"

"कागदाचेच हो."

"मग आधी तसं सांगायचं. पुढचा रकाना धारदार हत्याराचा आहे."

"कात्री बोटाएवढी आहे, बाई."

"लिहिते. बोटाएवढी." पेन चाललं. "कापून झाला की त्या चेहऱ्याचं काय करता?"

"देतो."

"कुणाला?"

"ज्याचा त्याला. दुसऱ्याला देऊन काय उपयोग?"

पेन पुन्हा थांबलं. मग बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं. त्यांचा आवाज असा होता की आपलं वाटोळं होतंय हेही ऐकणाऱ्याला जरा उशिराच कळावं. कलावंत दोन प्रकारचे. वर्ग अ, म्हणजे कला दाखवतो, लोक खुशीने काही देतात, बदल्यात लोकांच्या हातात काही पडत नाही. वर्ग ब, म्हणजे हातात वस्तू पडते. त्याला विक्रेता म्हणतात.

"मग मला ब द्या."

"ब नऊ वर्षांपासून बंद आहे."

"उघडणार कधी?"

"बंद झाल्याचंच पत्र अजून आलेलं नाही. ते आल्याशिवाय उघडायचं कसं?"

काका विचारात पडले. "आणि जो काही दाखवत नाही, काही देत नाही, नुसताच घेतो?"

"तो भिकारी. त्याला मनाई आहे."

"आणि आमचा पुतळा?"

"ते उभे राहून दाखवतात. मी स्वतः पाहणी केली आहे." कागद उलटल्याचा आवाज आला. "तुमचा अर्ज मी वर्ग अ मध्ये घेते. आठ दिवसांत स्थळपाहणी होईल. पाहणी करणारा ओळख देणार नाही. चेहरा हातात दिलात तर विक्री, अर्ज नामंजूर. नाही दिलात तर परवाना."

"पण चेहरा द्यायचा नाही तर लोक बसतील कशाला?"

"हा प्रश्न फॉर्मात नाही," बाई म्हणाल्या आणि पुढच्याला बोलावलं.

घरी तालीम झाली. काकू मशीनसमोरच्या खुर्चीत गिऱ्हाईक होऊन बसल्या. काकांनी कापलं. सव्वीस वर्षांत ही हनुवटी त्यांनी इतक्या वेळा कापली होती की कात्री सोडून दिली तरी ती आपली आपण वळली असती. चेहरा सुटला आणि काकूंनी हात पुढे केला.

"देणार नाही," काका म्हणाले.

"आणा इकडे."

"अगं, तालीम आहे."

"तालीम गेली खड्ड्यात. माझं तोंड आहे ते."

"तेच तर. ते द्यायला बंदी आहे."

"बंदी तुम्हाला आहे. मी घेतेय," असं म्हणून काकूंनी तो काढून घेतला आणि बटणांच्या खणात ठेवून दिला. तालीम नापास.

पायऱ्यांवरही तेच. पहिल्या दिवशी एका पोस्टमनचा चेहरा कापून काकांनी तो वर धरून दाखवला, मग पिशवीत टाकला. पोस्टमन वाट बघत उभा राहिला. काकाही उभे राहिले. बराच वेळ दोघांनी एकमेकांचा मान राखला.

"काका, माझा?"

"पाहिलात ना?"

"पाहिला. द्या की आता."

"बघण्यापुरताच आहे."

पोस्टमनने विचार केला. "माझं तोंड, माझा वेळ, आणि ठेवणार तुम्ही? असं तर आमच्या पोस्टातही होत नाही." आणि निघून गेला. त्या दिवशी आणखी सात जण असेच गेले. एक बाई तर म्हणाल्या की चेहरे गोळा करून हा माणूस काय करतो याची चौकशी झाली पाहिजे. चौथ्या दिवशी काकांना राहवेना. आता ते आधी आजूबाजूला बघत आणि चेहरा चोरून देत, परीक्षेत चिठ्ठी द्यावी तसा. डब्यात काय पडतंय यापेक्षा ही चोरी त्यांना लागत होती. सव्वीस वर्षं उजळ माथ्याने दिलेली गोष्ट आता हाताखालून सरकवायची.

"एवढं कशाला करतोस?" पुतळा चौथऱ्यावरून म्हणाला. "पाहणीला ती खिडकीवालीच येणार. माझ्या पाहणीला पण तीच आली होती. ती दिसली की तेवढ्यापुरतं देऊ नको. तिला पाहिलंयस ना?"

"पाहिलंय की. समोरून, तेही दुधी काचेतून."

पुतळ्याला अडचण समजली. अकरा वर्षांचा मित्र होता तो. "मी खूण करतो," तो म्हणाला.

"तू? कशी?"

यावर पुतळा गप्प झाला. विचार करतोय की काम सुरू झालंय, हे त्याच्याकडे बघून कधीच कळत नसे.

सहाव्या दिवशी दुपारी स्टुलावर एक बाई येऊन बसल्या. हातात कापडी पिशवी, केस मागे घट्ट बांधलेले. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या बाजूला वळल्या. चौथऱ्यासमोर त्या वेळी बरीच गर्दी होती आणि पुतळा कामात होता. त्याने धंद्याची सगळी इभ्रत पणाला लावून अकरा वर्षांत पहिल्यांदा डोळा मिचकावला. काकांनी ते पाहिलं. त्यांना वाटलं, डोळ्यात रंग गेला असेल बिचाऱ्याच्या.

आणि मग त्यांची नजर त्या बाईंच्या बाजूवर पडली आणि तिथेच राहिली.

वर्षातून एखादाच असा चेहरा येतो. सरळ उतरलेलं कपाळ, नाक जरा हट्टी, पण वरचा ओठ असा पुढे, की काहीतरी बोलायला निघालं आणि उंबऱ्यावरच थांबलं. आणि हनुवटी त्याला सांभाळून घेणारी. काका कात्री चालवू लागले आणि आनंद झाला की ते बोलत सुटत, तसे बोलत सुटले.

"ताई, कुणी सांगितलंय का तुम्हाला, की तुमची बाजू अशी आहे?"

बाईंनी मान हलवली नाही. स्टुलावर बसायचं कसं हे त्यांना आपोआप कळलं होतं.

"सांगणार कोण म्हणा. सगळे समोरून बघतात. आता मीच परवान्याला गेलो होतो. तिथल्या बाईंचं मी तोंडही पाहिलं नाही. काच, काचेला भोक, भोकातून नियम. आता तुम्ही सांगा, भोकाला चेहरा असतो का? त्या म्हणतात, कापा, पण देऊ नका. अहो, हलवायाला म्हणावं, तळा पण चाखू देऊ नका! त्यांना कुणी आयुष्यात काही हातावर ठेवलं नसेल, म्हणून असं सुचतं. नाहीतर एरवी बाई चांगल्या असतील. हलू नका, आता ओठ."

बाई हलल्या नाहीत. ओठ काकांनी श्वास धरून कापला. मग कपाळ, मग केसांची ती घट्ट गाठ, मग मान. चेहरा सुटला. अशा चेहऱ्यापुढे वर्ग अ काय आणि ब काय, काकांना काहीही आठवलं नाही. त्यांनी तो दोन्ही हातांनी बाईंच्या तळहातावर ठेवला.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी कापडी पिशवीतून एक फाईल काढली, चेहरा आतल्या कागदाला टाचणीने लावला आणि खाली लिहिलं, 'दिलेली वस्तू, क्रमांक एक.'

"अहवाल झाला की पत्र येईल," त्या म्हणाल्या. काच नसल्यामुळे आवाज वेगळा होता, पण वाटोळं त्याच शांतपणे होत होतं. जाताना त्यांनी डब्यात काही टाकलं नाही. पाहणीत तशी तरतूद नव्हती.

"डोळा मारला होता मी!" गर्दी पांगल्यावर पुतळा जवळजवळ हलून म्हणाला. "अकरा वर्षांची तपश्चर्या घालवली तुझ्यापायी!"

"मला वाटलं, रंग गेला."

"रंगाला अकरा वर्षं काय झालं नाही, आजच बरा जाईल!"

पत्र आलं ते महिना संपायला चार दिवस असताना. त्यात 'समक्ष भेटा' एवढंच होतं. काका खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि भोकाकडे न बघता फटीकडे बघू लागले.

"बाई, त्या दिवशी मी जे बोललो…"

"ते अहवालात घेतलेलं नाही," भोक म्हणालं. "रकाना नव्हता."

काका थोडे सैल झाले. "मग नामंजूर?"

"वस्तू दिलीत. ती फाईलला लावली आहे. साहेबांनी फाईल पाहिली." आवाज किंचित थांबला. "त्यांनी विचारलं, ही बाई कोण. आम्ही एका खोलीत बावीस वर्षं बसतो."

काका म्हणाले, "समोरासमोर बसत असाल."

"हो."

"मग त्यांचा दोष नाही."

आतून पानं उलटल्याचा आवाज आला. "कापल्यावर कागदाचा दुसरा भाग राहतो, त्याचं काय करता?"

"कुठला दुसरा?"

"चेहरा निघाल्यावर जो उरतो तो. मी तिथे बसले तेव्हा पाहिलं, तुम्ही तो पिशवीत कोंबलात."

"ते कातरण. घरी नेऊन टाकतो."

"ते काम आहे की कचरा?"

"कचराच की. मधून चेहरा गेल्यावर राहिलं काय त्यात?"

"नियम चौदा वाचते," बाई म्हणाल्या. "'सादरीकरणातून निर्माण होणारा कचरा कलावंताने जागेवर ठेवू नये. उपस्थितांनी तो सोबत नेल्यास हरकत नाही.'" आणि त्याच सुरात पुढे म्हणाल्या, "पाहणी एकदा पुन्हा मागता येते. फॉर्म मी भरून ठेवलाय. सही तुमची हवी."

काकांना उलगडायला वेळ लागला. उलगडलं तेव्हा ते रागावले. "म्हणजे चेहरा मी ठेवायचा आणि माणसाच्या हातात कचरा द्यायचा? बाई, सव्वीस वर्षं बसतोय मी तिथे. उद्या तुम्ही म्हणाल, जेवण ठेवा आणि ताट चाटायला द्या."

"मी काही म्हणत नाही. नियम म्हणतो. दुसऱ्या पाहणीला परवा दुपारी येणार आहेत."

"कोण?"

"मीच. खात्यात दुसरं कोण उन्हात जातंय?"

ती रात्र काकांनी काढली ती काजं-बटणांच्या विचारात. सकाळी त्यांनी पिशवीतलं कातरण टेबलावर उपडं केलं. काळे कागद आणि प्रत्येकाच्या मधोमध डोक्याच्या आकाराची रिकामी जागा. सव्वीस वर्षांत त्यांनी हे कधी नीट पाहिलं नव्हतं, जसं शिंपी चिंध्यांकडे बघत नाही. काकूंनी जाता जाता एक उचलला आणि खिडकीशी धरला. पलीकडच्या वाळत घातलेल्या पिवळ्या चादरीने त्या जागेत पिवळं नाक आणि पिवळी हनुवटी भरली.

"पोस्टमन वाटतं हा," काकू म्हणाल्या.

"तुला कसं कळलं?"

"मला काय डोळे नाहीत?" त्यांनी कागद हलवला. पोस्टमन भिंतीचा झाला, मग आभाळाचा, मग पलीकडच्या बाईंच्या परकराचा. "दिसतंय की छान. द्या हेच."

"हे भोक आहे गं."

"असू दे. पण त्याचंच भोक आहे ना?"

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई आल्या, बाजूला वळल्या. काकांनी कापलं. चेहरा पिशवीत ठेवताना त्यांच्या जिवावर आलं. उरलेला कागद त्यांनी बाईंना दिला आणि म्हणाले, "हा कचरा, ताई." बाईंनी तो वर धरला. त्यांच्या ओठांच्या जागी बसथांब्याचा निळा रंग आला, कपाळात झाडाची फांदी. कागद त्यांनी फाईलला लावला नाही. तो कचरा असल्यामुळे त्याला क्रमांक नव्हता. तो त्यांनी पर्समध्ये ठेवला आणि अर्जावर शिक्का मारला. वर्ग अ, मुदत एक वर्ष.

लोकांना सवय लागायला पंधरा दिवस गेले, पण लागली. चौकात माणसं कागद डोळ्यांसमोर धरून चालू लागली. कुणी स्वतःला इमारतींनी भरे, कुणी ढगांनी. एका म्हाताऱ्याने स्वतःत कबुतरं भरायचा प्रयत्न केला, पण ती थांबेनात. काकांचा डबा पूर्वीसारखा वाजू लागला. पुतळा म्हणाला, "बघ, शेवटी तू पण काही न देता घ्यायला लागलास. आता खरा कलावंत झालास."

काकांना मात्र त्यात राम वाटेना. माणूस कागद बघून खूश होई, पण 'माझं नाक असं आहे?' असं आता कुणी विचारत नसे, कारण नाक दर पावलाला बदलत होतं. आणि खरी नाकं काकांच्या पिशवीत होती. रोज पन्नास. घरी बुटांच्या खोक्यात चेहऱ्यांचे थर लागले. परक्यांचे चेहरे घरात ठेवून झोप लागत नाही, असं ते काकूंना म्हणाले. ते देणं त्यांच्या हातात नव्हतं, टाकणं मनात नव्हतं.

काकूंनी हे दोन आठवडे ऐकलं. मग त्या म्हणाल्या, "बंदी कुणाला आहे?"

"मला."

"कुठे?"

"पायऱ्यांवर."

"माझ्या दुकानाला परवाना आहे. विकायचा, द्यायचा, सगळा. आणा ती खोकी."

दुसऱ्या दिवसापासून व्यवस्था लागली. पायऱ्यांवर कचरा घ्यायचा, मागच्या गल्लीत काकूंच्या दुकानात यायचं, एखादं बटण विकत घ्यायचं आणि आपला चेहरा त्यावर फुकट न्यायचा. ओळख पटवण्याची सोय कागदातच होती. ज्या रिकाम्या जागेत चेहरा बिनफटीचा बसेल, त्याचा तो. काकूंनी काउंटर आखला, रांगेसाठी दोरी बांधली आणि 'कागद असल्याशिवाय चेहरा मिळणार नाही' अशी पाटी लावली. एक गृहस्थ बायकोचा कागद घेऊन आले, तर काकूंनी परत पाठवलं, ज्याचं त्याने यावं म्हणून. बटणांचा खप इतका वाढला की शहरात इतक्या लोकांची बटणं एकदम कशी तुटली याचं घाऊक व्यापाऱ्याला कोडं पडलं. आणि ज्या काजं-बटणांना काका भ्यायले होते, ती करायला काकूंना खरंच माणूस कमी पडू लागला. मंगळवारी वाचनालय बंद असे. मंगळवारी काका दुकानात बसू लागले.

अशाच एका मंगळवारी काकू शिवलेले कपडे पोचवायला गेल्या होत्या आणि काका खिडकीशी काजं घालत होते. एक माणूस काउंटरशी येऊन उभा राहिला. बसच्या ड्रायव्हरचा गणवेश, हातात काही नाही.

"काका, माझा चेहरा न्यायचा होता."

"कागद?"

"तो… बायकोने टाकला. म्हणाली, भोक पडलेला कागद कशाला ठेवायचा घरात."

"कागदाशिवाय मिळत नाही. पाटी आहे."

"अहो, तुम्हीच तर कापलात. गेल्या शुक्रवारी. तुम्ही म्हणालात पण, असं कपाळ लांबच्या रस्त्यांवरच तयार होतं."

"म्हणालो असेन. पण कुणीही येऊन म्हणेल. मला काय पुरावा?" काकांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. दोन डोळे, मधे नाक. कुणाचंही असू शकेल. "उद्या कुणी तुमचा चेहरा घेऊन गेला तर तुम्ही मलाच धराल. व्यवस्था म्हणजे व्यवस्था."

ड्रायव्हरने मान डोलवली. अशा उत्तरांची त्याला सवय असावी. तो भांडला नाही. नुसता जायला वळला आणि दाराच्या उजेडात त्याची बाजू आली.

काकांच्या हातातली सुई थांबली. "थांबा."

"काय झालं?"

"हलू नका. तसेच राहा." काका उठले. चारशे चेहऱ्यांच्या खोक्यात त्यांनी हात घातला, दोनच थर वर-खाली केले आणि तिसऱ्यातून एक काळा कागद बोटांनी ओढून काढला. काउंटर ओलांडून त्यांनी तो ड्रायव्हरच्या तळहातावर ठेवला, दोन्ही हातांनी.

ड्रायव्हरने तो उजेडात धरला. वाकडा करून पाहिला, सरळ करून पाहिला. मग स्वतःच्या नाकाला हात लावला.

"माझं नाक असं आहे?"

"असंच आहे," काका म्हणाले.

"बायको म्हणते बापासारखं आहे म्हणून. मी कधी मानलं नाही." त्याने खिशात हात घातला. "काका, काय देऊ?"

"मी विचा…" काका थांबले. "इथे खुशीचं घेता येत नाही. हे दुकान आहे. त्यासाठी पायऱ्यांवर यावं लागतं."

"मग?"

"एक बटण घ्या."

"माझी सगळी जागेवर आहेत हो."

"असू देत. एखादं जादा असलेलं बरं."

ड्रायव्हरने पांढरं बटण घेतलं, चेहरा टोपीच्या आतल्या अस्तरात जपून ठेवला, टोपी घातली आणि गेला.

काकू आल्या तेव्हा काका पुन्हा काजाला लागले होते.

"कुणी आलं होतं?"

"एक बटण गेलं."

"चेहरा?"

"गेला."

"कागद घेतलात ना बघून?"

काकांनी दोरा दाताने तोडला, जे काकूंना मुळीच आवडत नसे. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. काका उजेडाकडे तोंड करून बसले होते, त्यामुळे काकूंना त्यांची एकच बाजू दिसत होती. ती त्यांनी बराच वेळ पाहिली. मग खोक्यातले वर-खाली झालेले थर नीट लावले आणि म्हणाल्या, "कागद नसेल, त्याला पुढच्या वेळी दोन बटणं द्यायची."